३.२ गिगाहर्ट्झ विरुद्ध ३२००+

२००४च्या सुरुवातीला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर संगणक असेंबल करून घ्यायला गेलं की दुकानदार एक कोटेशन पुढे सरकवायचा. कॅबिनेट, एसएमपीएस, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क अशा ओळी आणि सगळ्यांत वर प्रोसेसर. तिथे बऱ्याचदा दोन पर्याय असायचे: ‘पी-फोर ३.२’ आणि ‘एएमडी ३२००+’. पहिल्या आकड्याचा अर्थ गिऱ्हाइकाला पाठ होता. ३.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तीनशे वीस कोटी ठोके. दुसरा आकडा गिगाहर्ट्झचा नव्हताच. त्या चिपचं घड्याळ फक्त २ गिगाहर्ट्झचं होतं, आणि हे कळलं की बहुतेक जण पहिल्या पर्यायावर बोट ठेवून मोकळे व्हायचे.

इंटेलचा पेंटियम ४ आणि एएमडीचा अॅथलॉन ६४ यांच्याइतकी शिकवून जाणारी जोडी घरगुती संगणकाच्या इतिहासात दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. आज कुठलेही दोन प्रोसेसर तुलनेला घेतले तर ते एकाच घराण्यातले वाटावेत इतके सारखे असतात. एकात चार कोर जास्त, दुसऱ्यात कॅश थोडी अधिक. या दोघांचा मतभेद मुळातच होता. चालवायचं होतं तेच विंडोज एक्सपी, तेच फोटोशॉप, तेच खेळ; पण ते लवकर चालवायचं म्हणजे काय करायचं, याची दोघांची उत्तरं एकमेकांच्या उलट होती. त्यामुळे कोण वेगवान हे सांगण्याआधी वेग मोजायचा कसा, हेच नव्याने ठरवावं लागलं.

एखादं काम पुरं करायला प्रोसेसरला लागणारा वेळ तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो. कामात एकूण किती आज्ञा आहेत, एका आज्ञेला सरासरी किती ठोके लागतात आणि एक ठोका किती लांबीचा आहे. गिगाहर्ट्झ सांगतो तो फक्त तिसरा भाग. ३.२ गिगाहर्ट्झच्या चिपचा ठोका सुमारे ०.३१ नॅनोसेकंदाचा, २ गिगाहर्ट्झच्या चिपचा ०.५ नॅनोसेकंदाचा. दुसऱ्या चिपने प्रत्येक ठोक्यात दीडपटीहून थोडं जास्त काम उरकलं तर दोघी बरोबरीत येतात. हे गणित अभियांत्रिकीच्या पुस्तकांत कधीचं होतं. जाहिरातीत मात्र एकच आकडा मावतो.

तो आकडा जाहिरातीत इतका मोठा का झाला, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९९०च्या दशकात एएमडी म्हणजे इंटेलच्या मागोमाग, स्वस्तात मिळणारी चिप अशी ओळख होती. ती बदलायला सुरुवात झाली के६ या चिपपासून. ती ज्या नेक्सजेन कंपनीच्या आराखड्यातून आली, तिथे तेव्हा पुण्यात जन्मलेले विनोद धाम होते. इंटेलमध्ये मूळ पेंटियमचं काम पुढे नेणारे तेच धाम. एएमडीने नेक्सजेन विकत घेतली आणि के६ बाजारात आली १९९७ साली. त्यानंतर १९९९मध्ये आलेल्या अॅथलॉनने चित्रच पालटलं. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत अल्फा प्रोसेसरवर काम केलेले डर्क मेयर अॅथलॉनच्या आराखड्याचे प्रमुख होते, आणि अल्फाच्या घडणीचा ठसा त्या चिपवर स्पष्ट होता.

६ मार्च २००० रोजी एएमडीने १ गिगाहर्ट्झचा अॅथलॉन जाहीर केला. दोनच दिवसांनी इंटेलने १ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ जाहीर केला. त्याच वर्षी इंटेलने आणखी पुढे जाऊन १.१३ गिगाहर्ट्झची आवृत्ती काढली, आणि ती ऑगस्टमध्ये परत घ्यावी लागली. परीक्षण करणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं की त्या चिपवर लिनक्सचं कर्नल कंपाइल करायला घेतलं की काम मध्येच कोसळतं. तासभर खेळ व्यवस्थित चालत आणि कंपाइलर मात्र पडे. यंत्राची परीक्षा कुठल्या कामाने घ्यायची, हा प्रश्न तेव्हाच गंभीर झाला होता.

२० नोव्हेंबर २००० रोजी पेंटियम ४ आला, १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा. त्यातली मूळ कल्पना धाडसी होती. पेंटियम ३मध्ये आज्ञा साधारण दहा टप्प्यांतून जात असे, इथे ते टप्पे वीस केले. आपल्याकडे स्लॅब टाकताना माणसांची रांग घमेली हातोहात वर पोचवते, ते ज्याने पाहिलं आहे त्याला यातली खुबी लगेच कळेल. रांगेत माणसं दुप्पट उभी केली की प्रत्येकाला निम्मंच अंतर हात फिरवावा लागतो, त्यामुळे घमेली भराभर सरकतात. मात्र वर पोचलेला माल चुकीचा निघाला तर रांगेत जितक्या हातांत घमेली आहेत तितकी सगळी रिकामी करावी लागतात. रांग जितकी लांब तितकी नासाडी मोठी.

प्रोसेसरमध्ये ‘चुकीचा माल’ निघतो तो फाट्यांवर. नेहमीच्या प्रोग्रामात साधारण पाच-सहा आज्ञांमागे एक आज्ञा ‘असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे’ अशी असते. उत्तर येईपर्यंत थांबायला वेळ नसतो, म्हणून चिप अंदाज बांधून पुढचं काम सुरू करते. अंदाज बहुधा बरोबर ठरतो. चुकला की पाइपलाइन रिकामी करून पुन्हा भरायची. वीस टप्पे गुणिले ०.३१ नॅनोसेकंद म्हणजे सव्वासहा नॅनोसेकंद वाया. अॅथलॉन ६४मध्ये पूर्णांकी कामाची पाइपलाइन बारा टप्प्यांची होती. बारा गुणिले ०.५ म्हणजे सहा नॅनोसेकंद. ढोबळ हिशेब आहे, पण त्यातून दिसतं ते महत्त्वाचं: प्रत्येक चुकलेल्या अंदाजापाशी ३.२ आणि २.० यांच्यातलं अंतर पुसून जात होतं.

२००३पर्यंत पेंटियम ४ मात्र चांगला मुरला होता. सुरुवातीचा १.५ गिगाहर्ट्झचा नग अनेक चाचण्यांत १.२ गिगाहर्ट्झच्या अॅथलॉनपुढे फिका पडला होता, आणि त्याच्या रॅमबस मेमरीची किंमत तर सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्याबाहेर होती. जानेवारी २००२मध्ये ‘नॉर्थवुड’ आवृत्ती आली. १३० नॅनोमीटरची घडण, दुप्पट म्हणजे ५१२ केबीची एल-२ कॅश, आणि साधी डीडीआर मेमरी लावता येऊ लागली. नोव्हेंबर २००२च्या ३.०६ गिगाहर्ट्झच्या चिपला हायपर-थ्रेडिंग मिळालं, म्हणजे एकाच कोरवर कामाचे दोन धागे (थ्रेड) एकदम चालवायची सोय. जून २००३मध्ये ३.२ गिगाहर्ट्झचा नॉर्थवुड आला, तेव्हा जुन्या अॅथलॉन एक्सपीला त्याच्याशी टक्कर देणं कठीण झालं होतं. पेंटियम ४ला सरसकट नावं ठेवायची आता पद्धत पडली आहे. नॉर्थवुडला ती लावणं अन्याय आहे.

२३ सप्टेंबर २००३ला अॅथलॉन ६४ ३२००+ आला. किंमत ४१७ डॉलर, दहा कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर, जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कारखान्यात घडवलेला. इंटेलने त्याच्या आठवडाभर आधी घाईने ‘पेंटियम ४ एक्स्ट्रीम एडिशन’ जाहीर केला होता. सर्व्हरसाठीच्या झिऑनमधली २ एमबीची एल-३ कॅश त्यात होती. समोर काय येतंय याची इंटेलला कल्पना होती, याचा याहून वेगळा पुरावा नको.

अॅथलॉन ६४मधला खरा बदल होता मेमरीशी बोलण्याच्या रीतीत. तोवर रॅमचा कारभार मदरबोर्डवरच्या चिपसेटकडे असायचा. प्रोसेसरने मागणी करायची, चिपसेटने रॅमकडून आणून द्यायचं. एएमडीने हा मेमरी कंट्रोलर थेट प्रोसेसरच्या पोटात घातला आणि मधला थांबा काढून टाकला. आता इथे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ८०० मेगाहर्ट्झच्या बसवर, डीडीआर ४००च्या दोन पट्ट्या लावलेल्या पेंटियम ४ला मेमरीकडून सेकंदाला ६.४ जीबी मिळू शकत होते. ३२००+च्या सॉकेट ७५४मध्ये एकच वाहिनी, म्हणजे निम्मे, ३.२ जीबी. कागदावर पेंटियमचा विजय. पण सगळी कामं सलग ढिगाने डेटा मागत नाहीत. खेळात, कंपाइलरमध्ये, डेटाबेसात प्रोग्राम इथला एक कण, तिथला एक कण असं मागत फिरतो, आणि तिथे किती आलं यापेक्षा पहिला कण किती लवकर आला याला महत्त्व असतं. त्यात अॅथलॉन ६४ बराच पुढे होता. शिवाय त्याची एल-१ डेटा कॅश ६४ केबीची होती, नॉर्थवुडची फक्त ८ केबीची.

६४ बिटांची गोष्ट थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण २००३च्या तुलनेत तिचा उपयोग जवळपास शून्य होता. लिनक्स होतं, पण विंडोज एक्सपीची ६४ बिटांची आवृत्ती यायला एप्रिल २००५ उजाडला. तोवर ३२००+ घेणाऱ्या बहुतेकांनी ती क्षमता न वापरताच ठेवली. एएमडीने आखलेली ती आज्ञावली २००४मध्ये इंटेलने आपल्या चिपमध्ये घेतली, आणि आज घराघरांतल्या विंडोजच्या संगणकांवर तीच चालते. आजही डेबियन लिनक्स उतरवायला गेलात तर इंटेलच्या यंत्रासाठीच्या फाइलच्या नावातही ‘एएमडी६४’ असंच असतं.

आता तो अधिकचं चिन्ह लावलेला आकडा. ऑक्टोबर २००१मध्ये अॅथलॉन एक्सपीपासून एएमडीने गिगाहर्ट्झ छापणं सोडलं, १.५३ गिगाहर्ट्झच्या चिपला नाव दिलं १८००+. अधिकृत सांगणं असं की ही तुलना आमच्याच जुन्या अॅथलॉनशी आहे. कोणीही ते तसं घेतलं नाही. १८००+ म्हणजे १.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ला तोडीस तोड, असाच अर्थ बाजाराने लावला, आणि एएमडीलाही तो लावला जायला हवा होताच. ही पद्धत मला कधीच पटली नाही. चिपच्या अंगची गोष्ट सांगणारा आकडा काढून त्याजागी कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांचा निष्कर्ष नावात गोवणं म्हणजे परीक्षार्थ्याने आपलीच गुणपत्रिका लिहिणं आहे. तरीही मान्य करायला हवं की ३२००+ हा आकडा फार खोटा नव्हता. कित्येक कामांत तो कमीच सांगत होता.

हे दोन्ही नग माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पेंटियम ४ची पाटी ३५ मिलिमीटर चौरस, अॅथलॉनची ४० मिलिमीटर. दोन्हींवर निकेलच्या रंगाचं जाड झाकण, त्यावर कोरलेली अक्षरं. उलटं केलं की एकीला ४७८ पिना, दुसरीला ७५४. पिना केसाएवढ्या बारीक नसल्या तरी बोटाच्या धक्क्याने वाकतील इतक्या नाजूक. त्या काळी असेंबल करणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव ठरलेला होता. हीटसिंक आणि झाकण यांच्यामधली पेस्ट दोन-तीन वर्षांत वाळून सिमेंटसारखी घट्ट व्हायची. हीटसिंक सरळ वर ओढला की सॉकेटचा दांडा बंद असतानाही चिप त्याला चिकटून उपटून यायची आणि कडेच्या पिनांची रांग तिरकी व्हायची. मग ०.५ शिशाची पेन्सिल घ्यायची, शिसं आत ढकलून तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर चढवायचं आणि श्वास रोखून ती सरळ करायची. जाणते कारागीर आधी यंत्र दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करायचे आणि हीटसिंक वर न ओढता किंचित पिळून सोडवायचे. पुढे एलजीए ७७५ सॉकेटमध्ये इंटेलने पिना चिपवरून काढून मदरबोर्डवर नेल्या. दुखणं एका भागावरून दुसऱ्यावर गेलं.

अशा दोन चिपची तुलना प्रामाणिकपणे करायची तर पहिली अडचण मदरबोर्डची. रॅम तीच ठेवता येते, हार्ड डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड तेच, विंडोज नव्याने टाकलेलं. मदरबोर्ड मात्र वेगळाच लागतो. इंटेलला ८७५पी चिपसेटचा, एएमडीला व्हीआयएच्या के८टी८०० किंवा एनव्हिडियाच्या एनफोर्स३चा. म्हणजे ‘प्रोसेसरची तुलना’ म्हणून जे छापलं जातं ते खरं तर दोन संचांची तुलना असते. त्यात काही मदरबोर्ड मूळ घड्याळ २०० मेगाहर्ट्झऐवजी २०१-२०२वर चालवून गुपचूप आघाडी घ्यायचे. म्हणून काटेकोर परीक्षक आधी घड्याळ तपासायचे आणि मग चाचणी घ्यायचे.

दुसरी अडचण खेळांची. उंच रिझोल्यूशनवर खेळ लावला की सगळा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो आणि दोन्ही प्रोसेसरांचे आकडे सारखे येतात. प्रोसेसरमधला फरक पाहायचा तर ६४० बाय ४८०वर उतरावं लागतं. त्यावर हमखास आक्षेप यायचा की असं खेळतं कोण. आक्षेप रास्त आहे, पण चाचणीही रास्त आहे. पुढच्या वर्षी अधिक ताकदीचं ग्राफिक्स कार्ड घेतल्यावर हाच प्रोसेसर त्याला पुरा पडेल का, याचं उत्तर त्या खालच्या रिझोल्यूशनमध्येच मिळतं.

तिसरी अडचण गणिताची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा दोन चाचण्या आहेत. पहिलीत ‘अ’ यंत्र दुप्पट वेगवान, दुसरीत ‘ब’ दुप्पट वेगवान. ‘ब’ला पाया धरून ‘अ’चे आकडे काढले तर ते २ आणि ०.५ येतात, सरासरी १.२५. म्हणजे ‘अ’ सव्वापट. आता ‘अ’ला पाया धरा. ‘ब’चे आकडे २ आणि ०.५, सरासरी तीच १.२५, आणि आता ‘ब’ सव्वापट. एकाच मोजणीतून दोन्ही कंपन्यांना आपापली जाहिरात करता येते. गुणोत्तरांचा गुणाकार करून त्याचं मूळ काढणारी भूमितीय सरासरी घेतली की उत्तर १ येतं, बरोबरी. फिलिप फ्लेमिंग आणि जॉन वॉलेस यांनी १९८६मध्येच हे नीट मांडलं होतं. १९८८ साली स्थापन झालेल्या स्पेक या संस्थेच्या चाचण्यांत गुणांकनाची हीच रीत आहे.

स्पेकच्या चाचण्याही अभेद्य नव्हत्या. तिच्या १९८९च्या पहिल्या संचात मॅट्रिक्स३०० नावाचा प्रोग्राम होता. कंपाइलर लिहिणाऱ्यांनी त्यातली गणनेची मांडणी ओळखून ती कॅशला सोयीची करून घेतली आणि गुण एकदम कैकपटीने उसळले. यंत्र तेच होतं. स्पेकला १९९२च्या संचातून तो प्रोग्राम वगळावा लागला. पेंटियम ४च्या काळातही कंपाइलरचा वाद धुमसत होता. इंटेलचा स्वतःचा कंपाइलर तयार करत असलेले प्रोग्राम चिप कोणाची आहे ते आधी पाहत, आणि इंटेलची नसेल तर वेगवान वाट टाळत, अशी तक्रार एएमडीने जून २००५च्या मोठ्या दाव्यात केली. तो दावा नोव्हेंबर २००९मध्ये १२५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. कुठल्या कंपाइलरने बनवलेला प्रोग्राम चाचणीत आहे, हे न सांगता दिलेल्या आकड्याला म्हणूनच अर्थ नाही.

एवढी पथ्यं पाळून नॉर्थवुड ३.२ आणि अॅथलॉन ६४ ३२००+ शेजारी लावले तर काय दिसायचं? बहुतेक खेळांत अॅथलॉन पुढे, आणि काही खेळांत चांगलाच पुढे. कंपाइल करणं, कार्यालयीन कामं यांतही तोच सरस. व्हिडिओ डिव्हएक्समध्ये बदलायचा असेल तर पेंटियम पुढे, कारण तिथे डेटा सलग वाहतो, फाटे कमी, आणि एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या एसएसई२च्या आज्ञा भरपूर ठोक्यांचं सोनं करतात. त्रिमितीय रेंडरिंग करणारा प्रोग्राम दोन थ्रेड वापरत असेल तरी पेंटियमच, हायपर-थ्रेडिंगच्या जोरावर. म्हणजे लग्नाच्या कॅसेटी सीडीवर उतरवून देणाऱ्या माणसाने पेंटियम घेतला तर तो फसला नव्हता, आणि कॉलेजच्या मुलाने खेळांसाठी पेंटियम घेतला तर मात्र त्याने जास्त पैसे मोजून कमी घेतलं होतं.

हायपर-थ्रेडिंगबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तेव्हाच्या तक्त्यांत ती दिसतच नसे. चाचणी एका वेळी एकच प्रोग्राम चालवते. माणूस तसं करत नाही. मागे अँटिव्हायरस सगळी डिस्क विंचरतोय, सीडी लिहिली जातेय आणि पुढे पेजमेकरमध्ये मजकूर लावायचा आहे, हा डीटीपीच्या कुठल्याही दुकानातला रोजचा देखावा. अशा वेळी दोन थ्रेडचा पेंटियम ४ हाताला हलका लागायचा, माउस अडकायचा नाही, खिडक्या चटकन उघडायच्या. एकूण काम लवकर संपे असं नाही, पण यंत्र ऐकतंय असं वाटे. हा गुण सेकंदांत मोजता येत नाही म्हणून परीक्षकांनी त्याला फार कमी भाव दिला, ही माझी त्या काळच्या परीक्षणांबद्दलची तक्रार आहे.

२ फेब्रुवारी २००४ला प्रेस्कॉट आला आणि तुलना एका वेगळ्याच अंगाला कलली. ९० नॅनोमीटरची घडण, १ एमबी एल-२ कॅश, साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर, आणि पाइपलाइन वीसवरून थेट एकतीस टप्प्यांची. अंदाज बांधणारी यंत्रणा सुधारली होती, कॅश दुप्पट होती, आणि तरीही त्याच ३.२ गिगाहर्ट्झला प्रेस्कॉट कित्येक कामांत नॉर्थवुडच्या मागे पडत होता. घमेल्यांची रांग इतकी लांबवली होती ती ४, ५ आणि पुढे कधीतरी १० गिगाहर्ट्झला पोचण्यासाठी. इंटेलने तो १०चा आकडा जाहीरपणे बोलूनही दाखवला होता.

आडवी आली ती उष्णता. तोवर ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला लागणारा विजेचा दाबही कमी व्हायचा आणि वीज आटोक्यात राहायची. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४मध्ये मांडलेला हा हिशेब तीस वर्षं चालला. ९० नॅनोमीटरला ट्रान्झिस्टरच्या फाटकाखालचा थर १.२ नॅनोमीटरवर आला, म्हणजे जेमतेम पाच अणूंची जाडी. इतक्या पातळ थरातून वीज गळते, चिप काही करत नसली तरीही. ३.२ गिगाहर्ट्झच्या प्रेस्कॉटचा उष्णतेचा आकडा १०३ वॅट होता, नॉर्थवुडचा ८२. अॅथलॉन ६४च्या घराण्याचा आकडा ८९ वॅट, पण इथेही सावध राहायला हवं, कारण दोन्ही कंपन्या वॅट एकाच व्याख्येने मोजत नव्हत्या. भिंतीवरच्या सॉकेटला मीटर लावून सगळ्या संचाची वीज मोजणं हाच खरा उपाय. तसं मोजलं की आणखी एक फरक दिसे: काम नसताना अॅथलॉन ‘कूल अँड क्वाएट’ या सोयीने ८०० मेगाहर्ट्झपर्यंत खाली उतरून शांत होई, प्रेस्कॉट रिकामा बसूनही तापलेला असे. भारनियमनाच्या त्या वर्षांत इन्व्हर्टरवर संगणक चालवणाऱ्याला हा आकडा कुठल्याही तक्त्यापेक्षा जवळचा होता.

पेंटियम ४ला तापल्यावर स्वतःला सांभाळणं मात्र सुरुवातीपासून उत्तम येत होतं. २००१मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू यंत्रांवरून हीटसिंक काढून टाकण्याचा प्रयोग चित्रित केला. अॅथलॉन काही क्षणांत जळून गेला. पेंटियम ४ने वेग कमी केला आणि खेळ रडतखडत चालू ठेवला. हे काम त्याच्यातला ताप-रक्षक करतो, हद्द ओलांडली की मधूनमधून ठोके गाळून. चिप वाचते, पण तुलनेत नवी मेख निघते. बंद वातानुकूलित खोलीत घेतलेली चाचणी आणि मे महिन्यात नागपूर-जळगावच्या ४५ अंशांत, धुळीने भरलेल्या हीटसिंकसह चाललेलं यंत्र यांचे आकडे सारखे कसे येतील? ठोके गळू लागले की ३.२ हा आकडा खोक्यावर उरतो. म्हणून एकदाच चाचणी घेऊन थांबू नये. अर्धा तास भार देऊन मग पुन्हा घ्यावी. आजच्या लॅपटॉपांना तर हा नियम तेव्हाच्यापेक्षा जास्त लागू आहे.

२००४ साल इंटेलसाठी माघारीचं ठरलं. प्रेस्कॉटनंतर येणारा तेजास मे महिन्यात रद्द झाला. त्याच सुमाराला कंपनीने नावांतून गिगाहर्ट्झ काढून टाकले आणि ३.२ गिगाहर्ट्झच्या नव्या चिपचं नाव झालं पेंटियम ४ ५४०. तीन वर्षांपूर्वी एएमडीने जे केलं तेच, वेगळ्या आकड्यांनी. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केल्याची घोषणा झाली, आणि काही दिवसांतच ऑर्लँडोच्या एका परिषदेत इंटेलचे मुख्याधिकारी क्रेग बॅरेट मंचावर चक्क गुडघे टेकून माफी मागते झाले. ३.८ गिगाहर्ट्झवर ते घराणं थांबलं. २७ जुलै २००६ला आलेला कोअर २ डुओ इस्रायलमधल्या हैफाच्या चमूने लॅपटॉपसाठी आखलेल्या पेंटियम एमच्या वळणाचा होता. चौदा टप्पे, ६५ वॅट. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा ई६६०० पावणेचार गिगाहर्ट्झच्या पेंटियमला बहुतेक कामांत सहज मागे टाकत होता, आणि एएमडीच्या सर्वांत महागड्या चिपलाही.

पुढे घडलं ते मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं. नोव्हेंबर २००८मध्ये इंटेलने पहिला कोअर आय-७ आणला, त्यात मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात होता, अॅथलॉन ६४सारखा. आणि हायपर-थ्रेडिंग परत आलं होतं, पेंटियम ४चं. एएमडीने २०११च्या बुलडोझरमध्ये उंच गिगाहर्ट्झची वाट धरली आणि २०१३मध्ये एफएक्स-९५९० ही ५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारी चिप काढली, २२० वॅटची. खेळांत आणि बहुतेक रोजच्या कामांत ती इंटेलच्या कमी ठोक्यांच्या, कितीतरी थंड चिपच्या मागे राहिली. २०१७मध्ये रायझन आला तेव्हा एएमडीने ती वाट सोडली होती. अॅथलॉन ६४मधल्या ६४ बिटांच्या आज्ञावलीच्या आखणीत ज्यांचा हात होता ते जिम केलर त्याच्या घडणीच्या सुरुवातीला एएमडीत परत आले होते. रायझनच्या प्रत्येक कोरला दोन थ्रेड आहेत, आणि उकललेल्या आज्ञा पुन्हा न उकलता वापरता याव्यात म्हणून त्यांची वेगळी कॅशही. या दोन्ही गोष्टी घरगुती संगणकात पहिल्यांदा आल्या त्या पेंटियम ४मधून.